मावशी म्हणायचं

"तुम्ही तेरेज्काच्या मावशी ना?" त्या तरुण बाईनं विचारलं आणि थोआच्या तोंडून "हो" निघून गेलं.

बाईनं दह्याचे दोन डबे आणि चार लांबट पाव पिशवीत भरले. तिचं नाव यीत्का होतं आणि ती तेरेज्काची वर्गशिक्षिका होती, हे तिनं पिशवी भरता भरताच सांगितलं. "वर्ष संपत आलं, पण तिच्या आईची एकदाही भेट नाही हो. दर वेळी आजीच येतात. आईंना निरोप द्याल? गुरुवारी, शाळा सुटल्यावर. घाबरण्यासारखं काही नाही, पण भेटायला हवं." "देते निरोप," थोआ म्हणाली. दारावरची घंटा किणकिणली, बाई गेली. मग कोपऱ्यातल्या थंड कपाटाची मोटर थांबली, आणि ती इतका वेळ चालू होती हे थोआला तेव्हा कळलं.

खिडकीशी झिक्मुंद उभा होता. पोर्सेलिनच्या कारखान्यातून निवृत्त झालेला हा म्हातारा रोज सकाळी बियरची एक बाटली घ्यायचा आणि तिथंच उभ्यानं संपवायचा. "काय मालकीणबाई," तो म्हणाला, "करखात्याची बाई होती की काय? तोंड पांढरं पडलं तुमचं."

"थंडी वाजतेय."

"मे महिन्यात? तुम्हा उन्हातल्या माणसांचं काही खरं नाही. आम्ही आता अर्ध्या चड्डीवर फिरायला लागलो."

थोआ हसली. गिऱ्हाइकाकडे बघून हसणं तिच्या अंगवळणी पडलं होतं, त्यासाठी मनाला विचारावं लागत नसे. तसंच ते "हो"ही अंगवळणी पडलं असेल, असं तिनं स्वतःला सांगून बघितलं. सात वर्षांची ही मुलगी बोलायला लागल्यापासून तिला मावशी म्हणत होती. घरात, दुकानात, रस्त्यावर, तापात, झोपेतून दचकून उठल्यावरसुद्धा मावशी. पण आजवर हे त्यांच्या मायदेशाच्या भाषेत होतं. त्या भाषेतलं जे काही असे ते दुकानाच्या मागच्या खोलीत राही. भाताच्या कुकरसारखं, माशाच्या रश्शाच्या वासासारखं, जमिनीलगत मांडलेल्या धनदेवाच्या देव्हाऱ्यासारखं. आज ते इथल्या भाषेत, एका परक्या बाईच्या तोंडून, दही घ्यायला दुकानात आलं होतं. आणि थोआनं त्याला ओळख दिली होती. आपण मूल नाकारलं, असं तिच्या मनात आलं. लगेच दुसरं आलं, की आपण मूल वाचवलं. यातलं खरं कुठलं हे ठरवण्याआधी कोणीतरी सिगारेटी मागितल्या आणि तिनं मागच्या फळीकडे हात केला.

थोआ वाघाच्या वर्षात जन्मलेली. तिच्या गावी, नाम दिन्हच्या बाजूला, वर्षांना बारा प्राण्यांची नावं असतात, आणि वाघाच्या वर्षातल्या मुलीचं लग्न जमवताना आईबाप वय एखाद्या वर्षानं इकडेतिकडे सांगतात. तिच्या बापानं तसं केलं नाही. त्याला खोटं बोलता येत नसे, किंवा धीर होत नसे. सासूनं वर्ष ऐकलं, पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि काही बोलली नाही. बोलली ती पहिला मुलगा गेल्यावर. तो महिन्याचाही झाला नव्हता. त्याला नाव ठेवलं नव्हतं, त्यामुळे त्याला आठवायचं कसं हाही प्रश्नच होता. थोआला आठवायचा तो त्याच्या टाळूचा वास, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखा. "वाघीण भुकेली असली की पिल्लंच खाते," सासू अंगणात म्हणाली, शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं. पुढे थोआ आणि तिचा नवरा तोआन या देशात आले, सरहद्दीवरच्या बाजारात पत्र्याखाली मांडणी करून जर्मन गिऱ्हाइकांना बागेत ठेवायचे मातीचे बुटके पुतळे विकू लागले, आणि तिथं उभ्याउभ्याच तिला दुसऱ्यांदा दिवस गेले. सासूनं तिकडे ज्योतिषाला गाठलं. फोनवर तिनं त्याचं म्हणणं कळवलं. आईचं आणि पोराचं वर्ष एकमेकांच्या अंगावर येतंय. पोरानं तिला आई म्हणायचं नाही, मावशी म्हणायचं. तिनंही पोराला माझं म्हणायचं नाही. होईल तितकं दुसऱ्या बाईच्या हातात वाढू द्यायचं. वर्षांचा एक फेरा पुरा होईपर्यंत, म्हणजे मूल बारा वर्षांचं होईपर्यंत. मग ऐकणाऱ्यांचा हक्क संपतो. पोरं उचलून नेणाऱ्या त्या भुताखेतांचं सासू नाव घेत नसे, नुसतं 'ऐकणारे' म्हणे.

मुलगी झाली. घरातलं नाव तेप ठेवलं, तेप म्हणजे ओढ्यातली बारकी कोळंबी. इतकी क्षुल्लक की कोणाला उचलून न्यावीशी वाटू नये. मुलं आपोआपच ओठ मिटून उघडतात आणि त्यातून जो आवाज निघतो तो सगळ्या जगात आईचाच असतो. तेपच्या तोंडून तो पहिल्यांदा निघाला तेव्हा थोआ बुटक्यांवरची धूळ पुसत होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. कोणी दुसऱ्यालाच हाक मारतंय अशी ती पुसत राहिली, एक बुटका, मग दुसरा, त्यांच्या लाल टोप्या, त्यांचे रंगवलेले हसरे गाल. पोर पुन्हा म्हणाली. थोआ उठून बाहेर पावसात जाऊन उभी राहिली. त्या दिवशी तिला वाटलं होतं, यापेक्षा कठीण काही असणार नाही. पण कठीण गोष्टींचीही सवय होते, आणि सवय झाली की त्या कठीण होत्या हे सिद्ध करता येत नाही.

दुकान घेतल्यावर रूझेना आली. इथं त्यांच्यातल्या प्रत्येक दुकानदारणीच्या पोराला एक इथली आजी असते. पैसे देऊन ठेवलेली, पण पुढे पैशांचं कोणाच्या लक्षात राहत नाही अशी. पहाटे दुकान उघडायचं आणि रात्री बंद करायचं, मधे पोराला कोण बघणार? रूझेना समोरच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राही. विधवा, जाड घोट्यांची, मोठ्यानं हसणारी. तिनं तेपचं तेरेज्का केलं, तिला पोहायला शिकवलं, बटाट्याच्या सूपची चव लावली. मुलगी आठवडाभर तिथंच असे. दुकानाच्या दारातून तिच्या स्वैपाकघराची खिडकी दिसे, कुंडीतली लाल फुलं दिसत, कधी एक छोटं डोकं. थोआ दिवसातून कितीदा तरी दारात येऊन वर पाही. खिडकीत डोकं दिसलं की भीती वाटे, ती पडेल म्हणून. दिसलं नाही की वेगळी भीती वाटे.

आणि एक गोष्ट होती, तिच्याकडे थोआ शक्यतो जात नसे. ज्योतिषानं जे सांगितलं होतं तेच दुकानालाही हवं होतं. मूल दुसरीच्या हातात वाढू दे, असं ग्रह म्हणाले नसते तरी पाव घेऊन येणारी गाडी पहाटेच आली असती. मग आपण मुलगी दिली ती तिच्या जिवासाठी की दुकानासाठी? नशिबाला घाबरणारी बाई आणि धंदा वाढवणारी बाई, दोघी एकाच गल्ल्याशी बसत होत्या आणि एकमेकींकडे बघायचं टाळत होत्या. भीती खोटी होती असं नाही. खरीच होती, तिनं रात्री घाम फुटे. पण खरी भीतीही सोयीची असू शकते, हे थोआला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आज मोटर थांबल्यावरच्या शांततेत ते तिला आपसूक समजलं.

तोआन घाऊक बाजारात माल भरायला राजधानीला गेला होता. तिनं त्याला फोन लावला. मागं खोकी आपटल्याचे आवाज येत होते.

"रूझेनाला पाठव," तो म्हणाला. "दर वेळी तीच जाते ना?"

"आईला बोलावलंय."

"गुरुवारी दुपारी घरमालक येणार आहे. शेजारचा गाळा तुझ्या नावावर व्हायचाय, नखं रंगवायच्या दुकानाचं तूच डोक्यात घेतलंस. त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक उभं आहे."

"ती वर्गात सांगते की मी मावशी आहे."

"मग काय सांगेल? आपणच शिकवलं."

"पण ती खरं मानत असेल तर?"

तिकडे खोकी आपटायची थांबली. "हे बघ," तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "पाच वर्षं राहिलीत. इतकं काढलंस. एका मास्तरणीसाठी आता मोडू नकोस. पोरीला काही झालं तर तुला स्वतःला तोंड दाखवता येईल? मला नाही यायचं." मग थोडं थांबून, "जेवलीस का?"

"जेवले," ती म्हणाली. ती जेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी रूझेना मुलीला घेऊन दुकानात आली. तेपच्या गुडघ्याला खरचटलं होतं. थोआची नजर आधी तिथंच गेली. एवढ्याशा लाल रेघेत तिला काहीतरी सुरू झाल्यासारखं वाटलं, कालच्या त्या एका प्रश्नानं कोणीतरी जागं झाल्यासारखं.

"अगं काही नाही, झोक्यावरून उतरताना," रूझेना म्हणाली. "तू काय अशी बघतेस? पाय शाबूत आहे. बस जरा, मी बसते गल्ल्यावर. ए झिक्मुंद, सरक, तुझं पोट दारात येतं."

"पोट नाही, मालमत्ता आहे ती," झिक्मुंद म्हणाला आणि सरकला.

थोआ मुलीला मागच्या खोलीत घेऊन गेली. भात वाढला, वर अंडं फोडून घातलं. तेप चमच्यानं खात होती. जेवायच्या काड्या तिला नीट धरता येत नसत. थोआ तिच्याशी आपल्या भाषेत बोले आणि ती निम्मं इथल्या भाषेत उत्तर देई, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात सारखी एक दरी ओलांडावी लागे.

"बाईंना आईबद्दल काय सांगितलंस गं?"

चमचा थांबला. "लांब आहे म्हणून."

"कुठं लांब?"

"लांब. मी बारा वर्षांची झाले की येणार आहे."

"कोण म्हणालं असं?"

"तूच. फोनवर. तिकडची आजी ओरडत होती तेव्हा तू म्हणालीस, बारा वर्षांची झाली की आई." तेपनं अंड्याचा पिवळा भाग भाताखाली लपवला, तो ती शेवटी खायची. मग तिनं मान वर केली आणि थोआच्या डोळ्यांत पाहिलं, अगदी थोडा वेळ, जशी मोठी माणसं एखाद्या दुखऱ्या विषयावरून पुढं सरकण्याआधी पाहतात. "मावशी, मला वाटाणे नकोत."

थोआनं वाटाणे वेचून स्वतःच्या वाडग्यात घेतले. मुलगी एका बाईची वाट बघत होती. पाच वर्षांनी एक बाई येणार होती, कदाचित उंच, कदाचित दुकान नसलेली, दुपारी मोकळी असणारी. आणि ती आली की वाटाणे वेचणारी ही मावशी गल्ल्यामागं तशीच बसून राहणार होती. थोआला त्या न आलेल्या बाईचा मत्सर वाटला. मग तिला त्या बाईचीच भीती वाटली. पाच वर्षांनी आपण म्हणू, मीच ती. आणि मुलगी म्हणेल, नाही, तू नव्हेस.

जाताना रूझेना दारात घुटमळली. मुलगी पुढं गेली होती, फरशीच्या रेघा चुकवत उड्या मारत. "हे बघ थोआ, तुमच्या घरातल्या गोष्टीत मी नाक खुपसत नाही. इतक्या वर्षांत खुपसलं का? पण परवा पोरीनं मला विचारलं, आजी, मुलं मरतात ती कशानं मरतात? मी म्हटलं, जेवली नाहीत की मरतात, सूप संपव. काय सांगणार दुसरं?" ती हसली, पण तिचे डोळे हसले नाहीत. "गुरुवारी मी जाऊ की तू येतेस?"

"बघते," थोआ म्हणाली.

गुरुवारी तिनं सकाळपासून गाळ्याचाच विचार केला. खुर्च्या कुठे ठेवायच्या, दिवे कुठे, पाण्याचा नळ कुठून घ्यायचा. तो विचार स्वच्छ होता, त्याला कोपरे होते, त्यात मावशी नव्हती आणि आई नव्हती. दुपारी घरमालकाचा फोन आला, निघतोय म्हणून. थोआनं "या" म्हटलं, फोन ठेवला, एप्रन काढला, दाराला आतून पाटी उलटी केली, कुलूप लावलं आणि शाळेच्या दिशेनं चालू लागली. आपण असं का केलं, हे तिला पुढच्या कोपऱ्यापर्यंत कळलं नाही. मुलं कशानं मरतात, हे वाक्य तिच्यामागोमाग चालत होतं. भर दुपारी कुलूप लागलेलं दुकान पाठीमागं एखाद्या मिटलेल्या डोळ्यासारखं वाटत होतं. नऊ वर्षांत ती या वेळी रस्त्यावर नव्हती. ऊन इतकं पडतं इथं, हेही तिला माहीत नव्हतं. लिंडनच्या झाडांखाली म्हातारी माणसं बसली होती, एक कुत्रा सावलीत जीभ काढून पडला होता, आणि सगळ्यांनी आपल्याकडे पाहिलं असं तिला वाटलं. गाडी गेली की ती थबके. आपल्याला काही झालं तर बरं, असं एकदा तिच्या मनात आलं. म्हणजे पोर सुटेल. मग त्या विचाराचीही भीती वाटली, कारण ऐकणारे अर्धंच ऐकतात असं सासू म्हणे.

वर्गात बुटकी बाकं होती. यीत्का बाई एका बाकावर बसली होती, गुडघे हनुवटीजवळ. खिडकीशी रूझेना उभी होती, तिच्या हातात मुलीचं दप्तर होतं. तेप भिंतीला टेकून बुटाच्या टोकानं फरशी घासत होती. पटांगणात पोरांचा कलकलाट चालला होता.

"अरे वा, मावशी!" बाई उठली. "आणि आई?" तिनं थोआच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं.

थोआला बसायला सांगितलं गेलं असावं, पण ती उभीच राहिली. तिला एकाएकी जाणवलं की इथं आपण इथल्या भाषेत बोलू शकतो. ऐकणारे लांबचे होते. नाम दिन्हच्या विहिरीतले, केळीच्या बागेतले, ते विमानात बसून आले असतील तरी त्यांना ही घशातली भाषा कुठून येणार? नऊ वर्षं इथं राहून तिला स्वतःला ती धड येत नव्हती. हा मार्ग इतकी वर्षं उघडा होता आणि आपल्याला दिसला नाही, असं वाटून तिला हसू आलं, आणि त्या हसण्यातच ती म्हणाली, "आई मीच. मावशी नाही. मी तेरेज्काची आई."

यीत्का बाईच्या भुवया वर गेल्या. रूझेनानं दप्तर छातीशी धरलं.

तेपनं किंकाळी मारली नाही. ती धावत आली, इतक्या वेगानं की एक बाक कलंडलं. तिनं थोआच्या पोटावर डोकं आपटलं, वर हात केला आणि तिच्या तोंडावर तळवा दाबला. मग बाईकडे वळून ती घाईघाईनं, पाठ केलेलं म्हणावं तशी म्हणाली, "ती मावशीच आहे. तिला आपली भाषा येत नाही. ती चुकून बोलली. ती मावशीच आहे." तिचा आवाज मोठा होता. वर्गातल्या माणसांना ऐकवायला लागतो त्याहून पुष्कळ मोठा. बोलताना ती बाईकडे बघत नव्हती, छताच्या कोपऱ्याकडे बघत होती.

"तेरेज्का," बाई हलकेच म्हणाली, "कोणाला सांगतेस बाळ?"

मुलगी चवड्यांवर उभी राहिली, थोआच्या कानाशी तोंड आणलं आणि त्यांच्या भाषेत, तिच्या मोडक्यातोडक्या भाषेत, कुजबुजली, "नको म्हणूस. मी अजून बारा वर्षांची नाही झाले. मी मरेन ना."

म्हणजे तिला माहीत होतं. सगळंच माहीत होतं. कोणी बाई येणार नव्हती आणि मुलगी कोणाची वाट बघत नव्हती. ती लपून बसली होती. जी भीती आपण एकटीनं पदराखाली झाकून वाहिली असं थोआ इतकी वर्षं समजत होती, ती या एवढ्याशा पोरीनं कधीचीच निम्मी उचलली होती, आणि झोक्यावर, पोहायच्या तलावात, सूपच्या वाडग्यापाशी, सगळीकडे ती बरोबर नेत होती. पहिल्या बाळाला तरी भीती माहीत नव्हती. तेपचा तळवा ओला होता. त्या तळव्यामागं थोआचा श्वास गरम होऊन परत तिच्याच नाकात येत होता. आता गप्प बसणं सोपं होतं. पाच वर्षं, मग सगळं सुरळीत. पण या पाच वर्षांत ही रोज छताच्या कोपऱ्याकडे बघत राहील, आणि त्यानंतरही तिला तिथून नजर काढता येईल याची काय खात्री?

थोआ गुडघ्यांवर बसली. तिनं मुलीचा हात तोंडावरून काढला आणि आपल्या हातात धरून ठेवला. तिला स्वतःलाच इतकी भीती वाटत होती की खोलीच्या कडा काळ्या होत होत्या. तरी या वेळी तिनं इथली भाषा घेतली नाही. ज्या भाषेत ज्योतिषानं सांगितलं होतं, ज्या भाषेत सासू अंगणात बोलली होती, ज्या भाषेत ऐकणारे ऐकत, त्याच भाषेत, त्यांना स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"मी तुझी आई आहे. तू माझी मुलगी."

तेपचं सगळं अंग ताठ झालं. तिनं डोळे घट्ट मिटले आणि खांदे वर घेतले, डोक्यावर काही पडणार असलं की घेतात तसे. थोआनंही तिला पोटाशी ओढलं आणि मान खाली घातली. यीत्का बाई काही विचारायला पुढं झाली, पण रूझेनानं तिचा दंड धरून तिला थांबवलं. पटांगणात कोणीतरी चेंडू भिंतीवर मारत होतं. दोघी तशाच बसून राहिल्या, कान देऊन. बऱ्याच वेळानं तेपनं एक डोळा उघडला.

"आता?" तिनं विचारलं.

"आता बघू," थोआ म्हणाली, आणि तिला सोडलं नाही. अजून तरी काही झालं नव्हतं.